कुत्रा त्यांचा, घर मात्र आम्ही सोडायचे?

शेजाऱ्याचा कुत्रा अंगावर येतो, हा काय चळवळीच्या दैनिकात लिहिण्याचा विषय आहे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. अत्याचार, आरक्षण, खाजगीकरण असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना कुत्र्याचे काय घेऊन बसलात, असेही कोणी म्हणेल. परंतु वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे जी माणसे येतात, त्यांच्या तोंडून ही तक्रार आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की, तिला क्षुल्लक म्हणून बाजूला सारणे आता शक्य नाही. या तक्रारीत कुत्रा हे केवळ निमित्त असते. खरा प्रश्न असतो तो हा की, इमारतीत भाड्याने राहणाऱ्याला रहिवासी समजायचे, की कोणीही कधीही हुसकावून लावावा असा उपरा समजायचे?

हा प्रश्न आपल्या समाजाच्या वाट्याला जास्त येतो, याचे कारण उघड आहे. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपली माणसे गाव सोडून शहरात आली, शिकली, नोकरीला लागली. परंतु शहरात वडिलोपार्जित घर नाही, वाडा नाही, फ्लॅट नाही. बदलीवर आलेला कारकून, इस्पितळातली परिचारिका, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, कंत्राटावर राबणारा सफाई कामगार, हे सारे भाड्याच्या घरात राहतात. आणि ते घरही सहज मिळत नाही. एजंट आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग ‘खाण्यापिण्याचे’ विचारतो. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. दलितांना आणि त्यांच्याहूनही अधिक मुसलमानांना घर नाकारले जाते, किंवा जाचक अटींवर दिले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. इतक्या कष्टाने मिळालेले घर हातचे जाऊ नये म्हणून आपला माणूस सगळे सोसतो. पाणी कमी आले तरी सोसतो, टोमणे सोसतो आणि शेजाऱ्याचा कुत्रा पोरीच्या अंगावर आला तरी तोंड मिटून बसतो.

एक कुटुंब आमच्याकडे आले होते. नवरा कंत्राटी नोकरीत, बायको परिचारिका, तिला रात्रपाळी. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’वर घेतलेले घर. समोरच्या दारातल्या कुटुंबाचा एक थोराड कुत्रा. दिवसभर गॅलरीत साखळीला बांधलेला आणि संध्याकाळी मोकळा सुटला की जिना त्याचाच. आधी तो नुसता गुरगुरायचा, मग अंगावर धावू लागला आणि एके दिवशी शिकवणीहून परतणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटरीचा त्याने चावा घेतला. कुत्र्याच्या मालकाने सांगितले, तुमची मुलगीच घाबरून पळते म्हणून तो धावतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितले, तुम्ही भाडेकरू, तुमची तक्रार आम्ही घेत नाही, जमत नसेल तर दुसरीकडे बघा. घरमालकाने फोनवर सांगितले, सोसायटीशी मला वाईटपणा नको, महिनाअखेरीस घर मोकळे करा. पोलीस ठाण्यात गेले तर ठाणे अंमलदार म्हणाले, कुत्र्याची कसली फिर्याद, आपसात मिटवा.

चावा घेतला कुत्र्याने, निष्काळजीपणा केला मालकाने, आणि घर सोडायचे कोणी? जिला चावा घेतला तिने! हा न्याय कोणत्या पुस्तकातला?

बडोद्याची आठवण

भाड्याच्या जागेतून हुसकावले जाणे म्हणजे काय, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवायला नको. बाबासाहेब परदेशात शिकून आले आणि १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी सरायमध्ये ते राहिले. खरी ओळख उघड होताच काठ्या घेतलेला जमाव दारात येऊन उभा राहिला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम सुटला. मित्रांकडे आसरा मागून पाहिला, तोही मिळाला नाही. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे १९२७ साली महाडला ज्या तळ्याचे पाणी त्यांनी चाखले, त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. जनावराला मोकळीक आणि माणसाला बंदी, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

बडोद्याच्या त्या दिवसात आणि आजच्या दिवसात एक मोठा फरक आहे. १९१७ साली बाबासाहेबांच्या बाजूने कायदा नव्हता. आज तो आहे, आणि त्यातला बराचसा त्यांच्याच हातून किंवा त्यांच्या प्रेरणेने आलेला आहे. तरीही आपला माणूस सामान बांधतो, कारण तो कायदा त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. म्हणून आज भाषण बाजूला ठेवून कायदाच सांगण्याचे आम्ही ठरवले आहे.

पहिले काम दवाखान्याचे

कोर्टकचेरी नंतर. कुत्रा चावला की पहिली पंधरा मिनिटे महत्त्वाची. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून निदान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना असले काही लावू नये. त्यानंतर तडक सरकारी किंवा महापालिकेचे रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते, पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टाळता येतो. लस एका सुईत संपत नाही, ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा जावे लागते. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, ते डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. ‘घरचा कुत्रा आहे, इंजेक्शन दिलेले आहे’ या मालकाच्या शब्दावर आपल्या लेकराचा जीव टांगू नये. लसीकरणाचे कार्ड मागावे आणि ते दाखवले तरी निर्णय डॉक्टरांवर सोडावा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला मालकाला सांगावे.

रुग्णालयाचा केसपेपर जपून ठेवावा. त्यावर ‘कुत्रा चावला’ एवढेच न लिहिता ‘शेजाऱ्याचा पाळीव कुत्रा चावला’ असे लिहून घ्यावे. आपला पहिला पुरावा तोच.

पोलीस ठाण्यात सभासदत्व लागत नाही

‘तुम्ही सोसायटीचे सभासद नाही’ हे वाक्य ऐकून आपली माणसे गप्प होतात. आम्ही त्यांना सांगतो, फौजदारी कायद्यात सभासद हा शब्दच नाही. मालक असो, भाडेकरू असो, मोलकरीण असो की दूध टाकणारा पोऱ्या असो, प्रत्येकाच्या अंगाचे मोल कायद्यापुढे सारखे आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना जो पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते. हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे ‘एनसी’ची चिठ्ठी हातात देऊन बोळवण करण्याचा अधिकार ठाणे अंमलदाराला नाही. प्रत्यक्ष दुखापत झाली असेल तर कलम १२५ ही लावता येते. दुखापत गंभीर असेल तर त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि हे कलम चावा घेतल्यावरच लागते असे नाही. ‘संभव’ हा शब्द तिथे आहे. कुत्रा दोनदा अंगावर आला, मालकाला ते लेखी कळवले आणि तरी त्याने साखळी धरली नाही, तर पोराच्या अंगातून रक्त येण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

पोलिसांनी फिर्याद घेतलीच नाही तर? फिर्यादीचा मजकूर लिहून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पोस्टाने पाठवावा. तेवढ्यानेही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ही वाट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ आणि १७५ मध्ये सांगितलेली आहे.

शिक्षा होते काय? होते, पण उशिराने. मुंबईत २०१० साली एका पाळीव कुत्र्याने एका वृद्धाला चावा घेतला. त्या खटल्यात कुत्र्याच्या मालकाला २०२३ साली तीन महिन्यांची शिक्षा झाली. वरळीतल्या एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावा घेतला गेला. तिथल्या मालकाला २०२५ साली चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. एका खटल्याला तेरा वर्षे, दुसऱ्याला सात! ज्याला दर अकरा महिन्यांनी घर बदलावे लागते त्याने इतकी वर्षे कुठे थांबायचे? म्हणून आम्ही फक्त शिक्षेच्या मागे लागायला सांगत नाही. फिर्याद नोंदवावीच, परंतु तिच्या जोडीला दुसरा एक जलद उपायही करावा.

तो उपाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे, जुने कलम १३३. धोकादायक जनावर बंदिस्त ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था करण्याचा हुकूम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. इथे मालकाला तुरुंगात धाडणे हा हेतू नसून जिना निर्धोक करणे हा आहे, आणि भाडेकरूला हवे असते ते नेमके हेच. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो. त्या कुत्र्याचा परवाना आहे काय, लस टोचली आहे काय, हे तपासण्याचा अर्जही महापालिकेकडे द्यावा.

घरमालक, करार आणि डिपॉझिट

आता भाडेकरूच्या हक्काकडे वळू. इथे आधी कुत्रा कोणाचा ते पाहावे लागते.

कुत्रा घरमालकाचाच असेल, तर तोच थेट जबाबदार. घर भाड्याने द्यायचे, पैसे घ्यायचे आणि दारात असा कुत्रा मोकळा सोडायचा की भाडेकरूने जाता-येता जीव मुठीत धरावा, हे चालत नाही. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूला मालकाच्या अडथळ्याविना जागा उपभोगू देणे हे मालकाचे बंधन आहे. कुत्रा त्याच चाळीतल्या, त्याच मालकाच्या दुसऱ्या भाडेकरूचा असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम १६ मालकाला दाखवावे. शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूविरुद्ध जागा खाली करून मागण्याचा अधिकार त्या कलमाने मालकाला दिला आहे. अधिकार असून तो वापरत नाही आणि उलट आपल्यालाच ‘निघा’ म्हणतो, हे लेखी विचारले की बहुतेक मालक नरमतात. आपल्यापैकी कोणी कुत्रा पाळला असेल तर हे कलम आपल्यालाही लागू आहे, याचे भान ठेवावे.

कुत्रा सोसायटीतल्या दुसऱ्या फ्लॅटधारकाचा असेल, तर त्यासाठी घरमालकाला थेट दोषी धरता येणार नाही. परंतु तो सोसायटीचा सभासद आहे. आपली तक्रार आपल्या सहीने सोसायटीला द्यावी आणि तिची प्रत जोडून घरमालकाला लेखी कळवावे की, सभासद या नात्याने आपण ही तक्रार सोसायटीकडे मांडावी. ‘भाडेकरूची तक्रार घेत नाही’ या सबबीला हे उत्तर आहे.

शहरात आज जुनी भाडेकरी थोडी, अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’च फार. त्यात राहणाऱ्याला जुन्या भाडेकरूइतके संरक्षण नाही, हे खरे आहे आणि ते आम्ही लपवत नाही. मुदत संपली की घर सोडावेच लागते. न सोडल्यास कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकारी घर खाली करून देतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते. परंतु मुदत चालू असताना केवळ तक्रार केली म्हणून सामान बाहेर फेकणे, कुलूप बदलणे, वीज तोडणे, याला कायद्यात जागा नाही. करारात नोटिशीचा जो काळ लिहिला असेल तो पाळावाच लागतो. शिवाय मोबदला घेऊन दिलेला परवाना, लायसन्सीची काहीही चूक नसताना मुदतीआधी संपवून त्याला बाहेर काढले, तर त्याला भरपाई मागता येते, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चे कलम ६४ सांगते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही घेऊन ‘आता निघा’ म्हणणाऱ्याला हे कलम वाचून दाखवावे.

पुढचा करार करताना दोन ओळी जास्त लिहून घ्याव्यात, असे आम्ही सर्वांना सांगतो. एक, इमारतीत जिवाला धोका असल्याचे लेखी कळवल्यावर पंधरा दिवसांत मालकाने सोसायटीकडे पाठपुरावा करावा. दोन, तरीही धोका टळला नाही तर ‘लॉक-इन’ची अट न लावता भाडेकरूला घर सोडता येईल आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल. आणि घर बघायला जाताना दिवसा एकदा, संध्याकाळी एकदा जावे. संध्याकाळीच जिना कसा आहे ते कळते.

कायदा कुत्र्याची जात पाहत नाही

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने परिपत्रक काढून तेवीस जातींचे कुत्रे ‘हिंस्र’ ठरवले आणि त्यांच्यावर बंदी आणायला राज्यांना सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. जन्माने कोणी दोषी ठरत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? दोष पाहायचा तो मालकाच्या वर्तनात. दिवसभर गॅलरीत आखूड साखळीला बांधलेला, ज्याला कोणी फिरवत नाही असा कुत्रा पिसाळल्यासारखा वागणारच. कुत्र्याला सतत बांधून ठेवणे आणि त्याला फिरवून न आणणे हासुद्धा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. म्हणजे हा कायदा त्या मुलीच्याही बाजूचा आहे आणि त्या मुक्या जनावराच्याही.

म्हणून संतापाच्या भरात कोणी कुत्र्याला विष घालण्याची भाषा केली तर तिथल्या तिथे त्याला अडवावे. न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला मारणे, विष देणे, लुळे करणे यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे आज जो फिर्यादी आहे तो उद्या आरोपी होईल आणि मूळ गुन्हेगार साळसूदपणे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहील. शिवाय पंचशीलातले पहिलेच शील आपण रोज म्हणतो, ते माणसापुरते नाही. सोसायटीतल्या सगळ्याच कुत्र्यांना हाकलून द्या, अशी मागणीही करू नये. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. आपली मागणी नेमकी असावी. जिन्यात, लिफ्टमध्ये, अंगणात कुत्रा साखळीत आणि मोठ्या माणसाच्या हातात असावा, त्याला लस टोचलेली असावी, परवाना असावा.

जातककथांमध्ये कुक्कुर जातक नावाची एक कथा आहे. त्यातला पुनर्जन्माचा भाग बाजूला ठेवून तिचा बोध तेवढा घ्यावा. राजाच्या रथाचे पावसात भिजलेले चामडे राजवाड्यातल्याच कुत्र्यांनी खाल्ले. राजाने चौकशी न करता नगरातल्या सगळ्या कुत्र्यांना मारण्याचा हुकूम सोडला, फक्त राजवाड्यातले तेवढे वगळून. तेव्हा स्मशानातल्या कुत्र्यांचा म्होरक्या राजापुढे गेला आणि चामडे कोणी खाल्ले हे पुराव्याने सिद्ध करून त्याने आपल्या दुबळ्या भाऊबंदांचे प्राण वाचवले. अपराध वाड्यातल्यांचा आणि शिक्षा वाड्याबाहेरच्यांना! आमच्याकडे आलेल्या त्या कुटुंबाला सेक्रेटरीने आणि घरमालकाने दिलेला न्याय याहून काय वेगळा होता? त्या म्होरक्याने मात्र ना पळ काढला, ना कोणाचा चावा घेतला. त्याने पुरावा मांडला.

जातीचा विषय कुठे येतो

कुत्र्याचा प्रत्येक वाद जातीचा नसतो. उगाच ॲट्रॉसिटीचे नाव घेतल्याने खरी प्रकरणे कमजोर होतात. परंतु कित्येकदा वाद कुत्र्यावरून सुरू होतो आणि दुसऱ्या वाक्याला जातीवर येतो. ‘तुमच्या लोकांना सोसायटीत राहायची सवय नाही’, ‘आमचा कुत्रा माणूस ओळखतो’, असली वाक्ये आम्ही आमच्या पक्षकारांकडून ऐकली आहेत. जातीवरून उघड शिवीगाळ किंवा हेतुपुरस्सर अपमान झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चे कलम ३ लागते, मात्र तो प्रकार लोकांच्या नजरेसमोर घडलेला असला पाहिजे. चार भिंतींच्या आत, साक्षीदार नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. म्हणून फाटकापाशी, लिफ्टपाशी कोण कोण हजर होते त्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. पाणी, दूध, मोलकरीण बंद करण्याची धमकी देऊन बहिष्कार टाकला तर तोही याच कायद्याने गुन्हा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडवणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे गुन्हा आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तेव्हा ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला हे लागू नाही’ असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नये.

वकिलाची फी कुठून आणायची, ही चिंताही नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच हे कार्यालय असते.

त्या कुटुंबाचे काय झाले?

त्या कुटुंबाने सामान बांधले नाही. केसपेपर, तारीखवार हकीकत आणि दोन शेजाऱ्यांची नावे घेऊन लेखी फिर्याद दिली आणि कलम २९१ खाली ती नोंदवली गेली. घरमालकाला नोटीस गेली, सोसायटीला प्रत गेली. मग अचानक सगळ्यांना कायदा आठवला. ज्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दोन वर्षे त्याच कुत्र्याच्या भीतीने खाली उतरत नव्हत्या, त्या स्वतः फ्लॅटच्या मालकीण असूनही पुढे येऊन बोलल्या. कुत्रा साखळीत फिरू लागला, त्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर नेले जाऊ लागले आणि तो शांतही झाला. कुटुंब कराराची मुदत संपेपर्यंत तिथेच राहिले. मुदत संपल्यावर मालकाने करार वाढवून दिला नाही, हेही सांगितले पाहिजे. कायद्याने त्यांना कायमचे घर मिळाले नाही. परंतु ते घरातून निघाले ते त्यांच्या तारखेला, डिपॉझिट पूर्ण घेऊन, मान ताठ ठेवून.

हे एका कुटुंबाने एकट्याने करणे अवघड असते, म्हणूनच संघटना हवी. आपल्या प्रत्येक विहारात वर्षावासाचे प्रवचन होते, जयंतीची वर्गणी जमते. त्याच विहारात आठवड्यातून एक तास भाडेकरूंसाठी ठेवायला काय हरकत आहे? एक वकील, अर्ज लिहायची सवय असलेला एक निवृत्त कारकून, पोलीस ठाण्यात सोबत जाणारी महिला मंडळातली दोन माणसे, एवढे पुरे आहे. ज्यांनी स्वतःचे फ्लॅट घेतले आहेत, सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यांच्यावर तर जास्त जबाबदारी आहे. आपण काल भाडेकरू होतो हे विसरून आज ‘तुम्ही भाडेकरू, तुमचे ऐकत नाही’ असे आपणच कोणाला म्हणत असू, तर बडोद्याच्या त्या जमावाच्या रांगेत आपणही उभे आहोत.

भाडे देणारा माणूस उपकारावर राहत नाही. तो घराचे भाडे भरतो, जिन्याचे आणि लिफ्टचेही त्यातच भरतो. त्या जिन्यावरून त्याच्या लेकराने निर्भयपणे चढावे-उतरावे, एवढे मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. तो हक्क तोंडी मागू नका, लेखी मागा. आणि एकट्याने मागू नका.

जय भीम!